शेकबाईने केलेला बिनशेकाचा चाकू

तिला सगळी गल्ली शेकबाई म्हणायची, आणि तोंडावर म्हणायची. कुलूपवाला म्हणायचा, शिवणकामवाली म्हणायची, समोरचा चहावाला तर आरोळीच ठोकायचा, "शेकबाई, चहा झाला का शेकून?" ती म्हणायची, "तुझा चहा शेकायला नको, फेकायला पाहिजे." आणि तरी दोन कप घ्यायची.

नाव कशावरून पडलं तेवढं कळलं की पुढचं सगळं कळतं. चाकूचं पातं असतं ना, ते भट्टीत लालभडक करून तेलात बुडवतात. त्याला म्हणतात पाणी देणं. त्याने पातं कडक होतं, पण किती कडक, तर काचेसारखं. धार अशी की वस्तरा लाजेल, आणि जरा पिळलं की ताडकन तुकडा. म्हणून पाणी दिल्यावर ते पातं छोट्या भट्टीत मंद आचेवर पुन्हा तापवायचं, तासन् तास, म्हणजे त्याचा हट्टीपणा उतरतो. तो शेक. शेक बसला की पोलादावर रंग चढतो, वाळल्या गवतासारखा पिवळा, मग थोडा तांबूस. शेक नाही तर रंग नाही, पातं राखाडीच राहतं.

बाकीचे कारागीर एकदा शेक द्यायचे, ही दोनदा. बाकीचे भट्टी लावून जेवायला जायचे, ही स्टूल टाकून भट्टीसमोर बसायची. बाकीचे नंतर सगळं पातं घासून चकचकीत करायचे, ही पात्याची पाठ मुद्दाम घासायचीच नाही, पिवळा रंग तसाच ठेवायची. गिऱ्हाईक म्हणायचं, इथे डाग राहिलाय. ती म्हणायची, "डाग नाही तो. माझा शब्द आहे."

वय बावन्न, लग्न नाही, हात पुरुषासारखे, आणि डोळ्यावर चष्मा जो दिवसातून तीनदा हरवायचा आणि तीनही वेळा डोक्यावर सापडायचा. दुकान म्हणजे एक लांब खोली. मागे भट्टी, मधे ऐरण, दारापाशी बाकडं, आणि भिंतीवर मुठीसाठी लाकडाचे ठोकळे रचलेले. त्या दिवशी सकाळी एक मुलगी आत आली, पंचविशीची असेल, पायात पांढरे बूट. तिथल्या काळ्या फरशीवर पांढरे बूट बघूनच शेकबाईला हसू आलं.

"मावशी, तुम्हीच हाताने चाकू करता ना?"

"नाही, पायाने. बस."

मुलगी खळखळून हसली आणि बाकड्यावर बसली, बूट काळे झाले तरी तिचं लक्ष नव्हतं. शेकबाईला ती तिथेच आवडली. हे लिहून ठेवण्यासारखं आहे, कारण पुढे जे झालं ते ती आवडत असताना झालं.

"बाबांची साठी आहे. त्यांना शिकारीचा आणि मासेमारीचा फार नाद. मला त्यांना दोन चाकू द्यायचेत, खास त्यांच्यासाठी केलेले. मी फोटो आणलेत." आणि तिने फोन पुढे केला. फोटोत हातभर लांबीचं, दात्यादात्यांचं, मुठीवर वाघाचं तोंड असलेलं काहीतरी होतं.

"हे कुणाला मारायला? हत्तीला?"

"चांगलं नाहीये?"

"सिनेमात चांगलंय. शिकारीला गेल्यावर बाबा काय मारतात?"

"हरीण. कधी रानडुक्कर."

"मग चार बोटं पातं बास. मोठं पातं मिरवायला, छोटं कामाला. कातडी सोडवताना टोक आत दिसत नाही, ते बोटाच्या अंदाजाने चालवायचं असतं. मासे कसले? नदीचे की समुद्राचे?"

"नदीचे. मोठे असतात, एवढे." तिने हात पसरले.

"सगळ्यांच्या बाबांचे मासे एवढेच असतात. माशाचं पातं पातळ करीन, वाकलं पाहिजे ते, काट्याला चिकटून सरकलं पाहिजे. मूठ खरखरीत, कारण माशाचा बुळबुळीतपणा हाताला लागला की गुळगुळीत मूठ सटकते आणि चाकू आपल्याच मांडीत जातो. म्यानं दोन वेगळी. माशाच्या म्यानाला खाली भोक, पाणी निथळायला. डावरे आहेत का?"

"नाही. मावशी, मला वाटलं होतं रंग निवडायचा आणि झालं."

"रंग तू निवडच गं. मूठ मी निवडीन."

बोलता बोलता शेकबाई एका गिऱ्हाइकाचा तयार चाकू आटपत होती. तिने तो बाकड्याच्या फळीत टोकाने रोवला आणि अंगाचा भार टाकून पिळला. पातं वाकलं, कुरकुरलं आणि सरळ झालं. मुलगी डोळे मोठे करून बघत राहिली. "मी करू?" म्हणाली. शेकबाईने करू दिलं. तिनेही पिळला आणि टाळ्या पिटल्या, लहान पोरासारख्या.

जाताना शेकबाईने तिच्या हातात शाडूचा एक गोळा दिला. मूठ हाताच्या मापाची करायची तर हाताचा ठसा लागतो, गोळा मुठीत आवळायचा की बोटांची घरं उमटतात. ही पद्धत तिच्या बापाची, म्हणजे वस्तादांची. त्यांच्या दुकानाबाहेर ती कुणी करत नव्हतं.

"पण बाबांना कळता कामा नये हं," मुलगी म्हणाली. "गुपित आहे."

"ते तुझं तू बघ."

चार दिवसांनी मुलगी गोळा घेऊन आली, डब्यात, ओल्या फडक्यात गुंडाळून. हसत हसत सांगायला लागली, "दुपारी जेवून खुर्चीत घोरत होते. मी हळूच हातात ठेवला आणि वरून बोटं आवळली. झोपेतच म्हणाले, काय गं चिमे? मी म्हटलं, हात चेपतेय. म्हणाले, चेप चेप, आणि परत घोरायला लागले!"

शेकबाईने फडकं सोडलं आणि तिचं हसू तोंडावरच वाळलं.

चार बोटांची चार घरं, पण तर्जनीचं घर अर्धंच. नखाच्या पेरापाशी बोट संपलेलं, आणि संपताना डावीकडे जरा तिरकं. ते बोट तिने स्वतः बांधलं होतं. बत्तीस वर्षांपूर्वी, वस्तादांच्या दुकानात, धारेच्या चाकाने पेर उडवलं तेव्हा तिने स्वतःची ओढणी फाडून बांधलं होतं आणि तो ओरडत होता, "हळू गं, हळू, मेलो!" आणि ती म्हणाली होती, "मरत नाहीस दादा, गप बस."

"तुझे बाबा..." तिचा आवाज तिलाच परका वाटला. "करतात काय ते?"

"आमचं मोठं दुकान आहे ना, नदीपलीकडे. गळ, रॉड, बंदुकांचं सामान, चाकूपण आहेत चारशे प्रकारचे. पण सगळे मशीनचे. बाबा नेहमी म्हणतात, हाताने चाकू करणारं आता कुणी उरलंच नाही. म्हणून तर मी तुम्हाला शोधून काढलं! मैत्रिणीच्या काकांकडे तुमचा चाकू बघितला."

कुणी उरलंच नाही. शेकबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने गोळा अलगद फळीवर ठेवला, आपटला नाही, हे तिचं तिलाच आश्चर्य.

दादा म्हणजे वस्तादांचा शागीर्द. आठ वर्षं त्यांच्या घरी जेवलेला, ती त्याला पाठच्या बहिणीसारखी. एका दुपारी वस्ताद बाहेरगावी निघाले आणि पाणी दिलेलं एक शिकारी पातं त्याच्या हवाली करून गेले, "शेक दे, मग मूठ बसव." त्या दुपारी मॅच होती. दादा मॅचला गेला. संध्याकाळी आला तेव्हा भट्टी थंडगार, पातं राखाडी, आणि गिऱ्हाईक सकाळी येणार. त्याने ते राखाडी पातं घासलं, चकचकीत केलं, मूठ बसवली आणि दिलं. ते गिऱ्हाईक म्हणजे नेमबाज. सगळे त्याला नेमबाजच म्हणायचे, एवढा त्याचा नेम. आठ दिवसांनी रानात सांधा सोडवताना चाकू फुटला आणि पोलादाची कपची त्याच्या डाव्या डोळ्यात घुसली. डोळा गेला.

कारागीर मंडळाने चौकशी लावली. लांब टेबल, पलीकडे तीन माणसं, अलीकडे वस्ताद आणि दादा, मागच्या बाकावर ती आणि डोळ्याला पट्टी बांधलेला नेमबाज. दादाने सांगितलं, शेक वस्तादांनीच दिला होता, मी फक्त मूठ बसवली. मंडळाने विचारलं, मूठ बसवताना कळलं नाही, की शेक नाहीये? दादा म्हणाला, "मला नुसतं बघून कळत नाही."

एवढंच वाक्य. वस्ताद त्याच्याकडे बघत राहिले. म्हणाले, "तुला कळतं रे. मीच शिकवलंय." आणि पुढे बोललेच नाहीत. एकवीस वर्षांची ती उठून ओरडली, की हा मॅचला गेला होता, मी बघितलंय, तर मधला माणूस म्हणाला, "मुलगी आहे, बापाची बाजू घेणारच. खाली बस बाळ." वस्तादांचा छाप, म्हणजे पात्यावर आपली खूण मारायचा हक्क, मंडळाने काढून घेतला. पुढची सात वर्षं, मरेपर्यंत, तो माणूस शिवणकामाच्या कात्र्यांना धार लावत बसला, आणि नेमबाज येता-जाता गल्लीच्या तोंडाशी थुंकायचा. नेमबाज आणि दादा मात्र जिवलग मित्र झाले. मित्र! ज्याने डोळा घालवला त्याच्याच खांद्यावर हात टाकून नेमबाज एकतीस वर्षं शिकारीला जात होता.

"मावशी? ठसा बिघडलाय का?"

"नाही गं," शेकबाई म्हणाली. "फार स्पष्ट आलाय."

त्या दिवसापासून ती वेगळीच झाली. चहावाल्याला उलट बोलेना. चहावाला घाबरला, म्हणाला, "शेकबाई, बरं नाही का?" ती म्हणाली, "इतकं बरं कधीच नव्हतं."

माशाचा चाकू तिने नीट केला, अगदी जीव ओतून. पातळ पातं, दोनदा शेक, पाठीवर पिवळा रंग, मुठीपाशी तिचा छाप. त्याच्यावर तिचा राग नव्हता, चाकूवर कशाला राग काढायचा. मग तिने शिकारीचं पातं घडवलं. चार बोटं, जरा पोट आलेलं, टोक खाली झुकलेलं, तिच्या हातून इतकं सुंदर पातं दहा वर्षांत झालं नसेल. लाल केलं. तेलात सोडलं. फुस्स करून धूर वर आला, ती उभी राहिली, आणि भट्टीकडे पाठ केली.

शेक नाही. एकदाही नाही.

तिने डोक्यात सगळं मांडलं होतं आणि त्याची तिला गोडी लागली होती, खरं सांगायचं तर दात दुखत असला की जीभ तिथेच जाते तशी. चाकू ती स्वतः नेऊन देणार, तो तिचा नियमच होता, मूठ हातात बसते का ते बघून द्यायची. साठीला नेमबाज असणारच. सगळ्यांसमोर दादाच्या हातात चाकू जाणार, आणि नवा शिकारी चाकू हातात आला की सगळे म्हणणारच, पिळून दाखव. पात्याची पाठ राखाडी, घासलेली नाही, लख्ख दिसणारी. आता बोल दादा. गप्प बसून पिळलास तर चाकू तुझ्या हातात फुटेल, तुझ्या तोंडावर. आणि बोललास, की अरे याला शेक नाही, तर नेमबाज विचारेल, तुला कसं कळलं? तुला तर बघून कळत नाही ना? दोन्हीकडून कात्रीत. फुटला आणि लागलं तर? लागू दे, असं ती म्हणाली. मोठ्याने म्हणाली, रिकाम्या दुकानात.

छाप मात्र तिने त्या चाकूवर मारला नाही. तेवढं तिच्याने झालं नाही.

मुलगी चाकू बघायला आली तेव्हा शिकारीचा हातात घेऊन फिरवून फिरवून बघत होती, आणि मग थांबली. "मावशी, याची पाठ सोनेरी का नाही? त्या दुसऱ्याची आहे."

शेकबाईने चष्मा पुसला. "शिकारीचा आहे ना. चमकलं की जनावर बिचकतं."

"अय्या, किती बारीक विचार करता तुम्ही!"

ती आयुष्यात कामाबद्दल पहिल्यांदा खोटं बोलली होती, आणि समोरून तिला शाबासकी मिळाली होती.

साठीचा कार्यक्रम दुपारी होता, घराच्या मोठ्या हॉलमध्ये. वीस-पंचवीस माणसं, लांब टेबल, पाव कापायची जाड लाकडी फळी, भिंतीवर हरणांची डोकी. शेकबाई तिच्या एकुलत्या एक बऱ्या साडीत आली, काखेत लाकडी पेटी. दादा खुर्चीत बसला होता. सुटलेला, टक्कल पडलेला, पण हसताना मान तिरकी करायची सवय तीच. त्याने तिला बघितलं आणि मान सरळ झाली.

"बाबा, या बघा कोण! या तुमच्यासाठी..."

"तू?" दादा म्हणाला.

"तुम्ही ओळखता एकमेकांना?"

"लहानपणापासून," शेकबाई म्हणाली. "कसा आहेस दादा? बोट दुखतं का अजून थंडीत?"

त्याच्या शेजारी नेमबाज बसला होता, डाव्या डोळ्यावर काळी पट्टी, पांढऱ्या मिश्या. त्याने एका डोळ्याने तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. "वस्तादची पोरगी ना ही? हिला कुणी बोलावलं?"

"मी बोलावलं काका," मुलगी म्हणाली. तिला काही कळत नव्हतं, पण आनंदात होती बिचारी. तिने पेटी बाबांपुढे ठेवली आणि उघडली.

दादाने आधी माशाचा चाकू काढला, वाकवून बघितला आणि नकळत "वा" म्हणाला. मग शिकारीचा काढला. मूठ त्याच्या हातात अशी बसली की जणू हाताबरोबरच जन्मली होती, अर्ध्या बोटाला अर्धंच घर. हॉलमधली माणसं आहाहा करायला लागली. आणि दादाने चाकू आडवा करून पाठ बघितली.

शेकबाई चार पावलांवर उभी होती. तिने त्याच्या तोंडावरचं रक्त उतरताना बघितलं. ते दृश्य ती एकतीस वर्षं मागत आली होती आणि ते अगदी हवं तसं मिळालं.

"पिळून दाखवा, पिळून दाखवा!" कुणीतरी ओरडलं.

दादाने मान वर केली, तिच्याकडे बघितलं, आणि चाकू सावकाश म्यानात घातला. "छान आहे," म्हणाला. "फार छान. नंतर बघू. आधी जेवून घ्या सगळे."

हे तिने धरलंच नव्हतं! पिळेल किंवा बोलेल, एवढंच तिने मांडलं होतं. हा माणूस नुसता म्यानात घालून मोकळा होईल हे तिच्या डोक्यातच आलं नाही. एकतीस वर्षांपूर्वी जे केलं तेच, झाकून टाकायचं आणि पुढे चालू पडायचं.

पण मुलीचं तोंड पडलं होतं. महिनाभर गुपित ठेवलेलं, झोपेत हात चेपून ठसा आणलेला, आणि बाबा म्हणतात नंतर बघू. "असं काय बाबा! तुम्हाला माहितीये का हा कसला आहे? थांबा, मी दाखवते, मला येतं," आणि कुणी काही म्हणायच्या आत तिने म्यानातून चाकू ओढला, पावाच्या फळीत टोक रोवलं, दोन्ही हातांनी मूठ धरली आणि नीट दिसावं म्हणून खाली वाकली. तिचा चेहरा पात्यापासून वीतभर.

शेकबाईने दादाकडे बघितलं. बोल. आता बोल. दादाने तिच्याकडे बघितलं. दोघंही गप्प. मुलीने खांद्याचा जोर लावला, पात्यातून बारीक टिंग असा आवाज आला.

"चिमे, सोड! सोड तो! शेक नाहीये त्याला!"

दादा खुर्ची पाडून उठला होता. त्याने मुलीचा हात धरून तिला इतक्या जोरात मागे ओढलं की ती टेबलावर आदळली आणि चार ग्लास खाली गेले. चाकू फळीत उभाच राहिला.

"बाबा, काय झालं? लागलं ना मला!"

"फुटला असता तो! डोळ्यात गेला असता तुझ्या, मूर्ख पोरी!"

"फुटला असता कशावरून?" हे नेमबाजने विचारलं. आवाज चढवला नव्हता त्याने.

दादाला भान नव्हतं. "कशावरून काय! पाठ बघ ना त्याची, राखाडी पडलीये. आंधळ्यालाही दिसेल!"

आणि मग जमिनीवर काचेचा एक तुकडा डुलत होता त्याचा आवाज सगळ्या हॉलला ऐकू आला.

नेमबाज उठला. फळीपाशी गेला, वाकला, एक डोळा पात्याच्या पाठीजवळ नेला आणि बराच वेळ बघितलं. "मला नाही दिसत बुवा," तो म्हणाला. "मी आपला अर्धा आंधळा. तुला कधीपासून दिसायला लागलं?"

दादा पडलेली खुर्ची उचलायला वाकला.

"मंडळाच्या टेबलासमोर तर म्हणाला होतास, बघून कळत नाही."

"वेळ वेगळी होती रे... मी तेव्हा..."

"तेव्हा मॅच होती," शेकबाई म्हणाली. तिचा आवाज हॉलभर गेला आणि आता तिला खाली बस बाळ म्हणणारं कुणी नव्हतं. "भट्टी थंड होती. राखाडी पात्यावर यानेच मूठ बसवली. माझा बाप कात्र्यांना धार लावत मेला आणि हा तुझ्याबरोबर हरणं मारत हिंडला. बघ, तुझ्या मित्राला छान दिसतं. पहिल्यापासून दिसतं."

नेमबाजने टोपी घेतली. दारापाशी तिच्यासमोर थांबला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं. ती म्हणाली, "राहू दे. थुंकलास त्याच्यापेक्षा जास्त काय बोलणार." तो गेला. त्याच्या मागोमाग पाहुणे एकेक करून निघाले, जेवण तसंच टेबलावर. शेकबाईने फळीतून चाकू काढला, पदरात गुंडाळला आणि ताठ मानेने बाहेर पडली. बसमध्ये बसल्यावर ती हसली. एकटीच हसली, शेजारची बाई सरकून बसली.

आठवड्याच्या आत नेमबाजने मंडळात लेखी दिलं. पंधरा दिवसांत मंडळाने वस्तादांचं नाव परत कारागिरांच्या यादीत घातलं आणि तसं पत्र आलं. गल्लीत पेढे नव्हते पण चहावाल्याने सगळ्यांना फुकट चहा पाजला, आणि शेकबाईने पहिल्यांदा म्हटलं, "चांगला झालाय रे." तो म्हणाला, "आता मरायला हरकत नाही."

आणि त्याच दुपारी दादा आला. पायऱ्यांवर उभा राहिला, ती आत ये म्हणाली नाही. भट्टीत दोन पाती होती, ती स्टुलावर बसून रंग बघत होती.

"झालं समाधान?" त्याने विचारलं.

"हो. पोटभर."

"दुकानाकडे माणूस फिरकत नाही. नेमबाज तोंड बघत नाही."

"माझ्या बापाचं पण कुणी बघत नव्हतं. सवय होते."

"चिमी माझ्याशी बोलत नाही. तुझ्याशी बोलते?"

ती आली नव्हती. माशाचा चाकूसुद्धा तिने त्यांच्या नोकराबरोबर परत पाठवला होता, चिठ्ठी नाही, काही नाही. शेकबाईने भट्टीत डोकावलं.

दादा जायला वळला आणि पुन्हा फिरला. त्याचा आवाज आता भांडणाचा नव्हता, नुसता दमलेला होता. "मी वाईट आहे, मान्य. पण तिने टोक रोवलं तेव्हा मी ओरडलो. तू चार पावलांवर होतीस. तू का नाही ओरडलीस? रंग तुलाही दिसत होता."

शेकबाईच्या तोंडावर उत्तर तयार होतं. मी ओरडणारच होते, तू आधी ओरडलास. अगदी जिभेवर होतं, आणि कुणी खोटं म्हणू शकलं नसतं, कारण बघायला कोण होतं? पण तिला ते टिंग ऐकू आलं. तिला ते तेव्हाही ऐकू आलं होतं आणि ती दादाच्या तोंडाकडेच बघत राहिली होती. मुलीकडे तिने बघितलंच नव्हतं.

"दिसत होता," ती म्हणाली. "दिसत होता आणि मी गप्प बसले." आणि लगेच, कारण त्याच्यासमोर तिला एवढ्यावर थांबणं शक्यच नव्हतं, "बघ, मला सांगायला एक मिनिट लागलं. तुला एकतीस वर्षं लागली आणि तरी चुकून सांगितलंस. आता जा."

तो गेला. ती पुन्हा भट्टीकडे वळली. पाती नुकती पिवळी व्हायला लागली होती, अजून तासभर बसायला हवं होतं, आणि ती बसली, पण तिला बसवेना. त्याला सांगून झालं होतं, पण त्याला सांगून काय उपयोग, त्याला तर माहीतच होतं.

तिने भट्टी बंद केली. पाती आत तशीच, अर्ध्या शेकाची. कुलूपवाल्याने मान बाहेर काढली, "शेकबाई, भर दुपारी कुलूप? कुठे?"

"नदीपलीकडे. एका पोरीकडे."

"चाकू द्यायला?"

"नाही," ती म्हणाली, "सांगायला," आणि चष्मा शोधत, तो डोक्यावर असताना, भराभर बसस्टॉपकडे निघाली.